ब्रेकचा आवाज आणि वॉरंटी : गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायच्या आधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलो आणि घाटाच्या पायथ्याशी पहिल्या सिग्नललाच पुढच्या डाव्या चाकातून शिट्टीसारखा लांब आवाज यायला लागला. गाडी १४ महिन्यांची, वॉरंटीत, त्यामुळे मी निश्चिंत होतो. पुढचे तीन आठवडे मी आणि माझ्या गॅरेजवाल्याने ज्या ज्या गोष्टी केल्या त्यातल्या निम्म्या चुकीच्या होत्या, आणि सर्व्हिस सेंटरने जे सांगितलं त्यातलंही निम्मं चुकीचं होतं. दोन्हीकडचं लिहितो, म्हणजे तुमचे पैसे आणि हेलपाटे वाचतील.

पहिली चूक, आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात : आवाज नेमका कधी येतो हे न बघता गाडी घेऊन जायचं आणि "ब्रेक वाजतायत" एवढंच सांगायचं. ब्रेकचे आवाज दहा प्रकारचे असतात हो. सकाळी गाडी काढली आणि पहिल्या तीन-चार ब्रेकला खर्रर्र आवाज आला, मग बंद, तर तो डिस्कवरचा, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवरचा गंज आहे. रात्री पाऊस पडला किंवा आदल्या दिवशी गाडी धुतली की बिडाच्या डिस्कवर तांबूस थर धरतोच, ब्रेक दाबला की डिस्कला पकडणाऱ्या पॅडने तो खरवडला जातो, विषय संपला. गाडी सुरू करून जरा पुढे गेली की एकदाच टक् किंवा घुर्र झालं तर बऱ्याच गाड्यांमध्ये एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःची तपासणी करतं, तोही दोष नाही. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक पत्रा घासल्यासारखा भयंकर आवाज सतत येतोय, ब्रेक दाबा नाहीतर नका दाबू, तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मधे खडा अडकलाय. चाक काढून दहा मिनिटांचं काम आहे, यासाठी पॅड बदलून घेऊ नका.

पण ब्रेक दाबल्यावर दर वेळी बारीक किर्रर्र येत असेल, गाडी गरम असो का थंड, तर पॅड संपत आलेत असं समजा. बऱ्याच पॅडवर एक छोटी लोखंडी पट्टी असते, पॅड झिजला की ती डिस्कला टेकून मुद्दाम किंचाळते. नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं, ३ मिमीच्या आसपास आलं की बदलायचं. आणि हा किर्र जाऊन लोखंडावर लोखंड घासल्याचा जाड घर्रर्र सुरू झाला तर गाडी जिथे आहे तिथेच थांबवा, पॅडचा पत्रा डिस्क कापतोय आणि ब्रेकही धड लागत नाहीये.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण मी स्वतः फसलो. अलॉय व्हीलच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून पॅड बघितला, चांगला जाड दिसला, म्हणून पॅड ठीक आहे असं ठरवून टाकलं. बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना जाम झाल्या की दोन पॅड सारखे झिजत नाहीत आणि बऱ्याचदा आतला आधी संपतो. माझ्या डाव्या चाकाचं तेच झालं होतं, बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक आणि आतला जवळजवळ पत्र्याला आलेला. त्यामुळे चाक काढून, कॅलिपर उघडून, चारही पॅड हातात घेऊन बघितल्याशिवाय कोणी "पॅड ओके" म्हणाला तर ऐकू नका.

आवाज बंद करायचा जुगाड

कॉर्नरच्या गॅरेजवाल्याने माझे पॅड पॉलिश पेपरवर घासून दिले आणि आवाज गेला, आठ दिवसांनी परत आला. घाटात सतत ब्रेक दाबून उतरलं की पॅड तापतो, त्याच्यावर काचेसारखा चकचकीत थर येतो, तो थर घासला की काही दिवस शांतता मिळते पण कारण तिथेच असतं. यापेक्षा वाईट म्हणजे गंज काढायचा स्प्रे किंवा ऑइल मारणं. आवाज जाईल, सोबत ब्रेकही जातील, तेल प्यालेला पॅड टाकूनच द्यावा लागतो. पिनांना साधं चासीचं ग्रीस लावणं हीसुद्धा तसलीच चूक, उष्णतेने ते पातळ होतं आणि रबर फुगवून पिना आणखी घट्ट करतं. ब्रेकसाठी सिलिकॉनवालं ग्रीस वेगळं मिळतं, तेच लावायला सांगा आणि समोर उभं राहून लावून घ्या.

घाट उतरताना न्यूट्रल टाकणारे अजून भेटतात, पेट्रोल वाचतं म्हणून. आजच्या इंजेक्शनवाल्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिन इंधन घेणं जवळजवळ बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला पेट्रोल जळत राहतं. म्हणजे वाचत काही नाही आणि सगळा भार ब्रेकवर. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे आमच्या एसटीच्या ड्रायव्हर काकांनी शिकवलेलं, आजही तितकंच खरं.

ब्रेक ऑइलकडे तर कोणी बघतच नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते, म्हणून कोकणात दमट हवेत राहणाऱ्यांनी दोन वर्षांनी न चुकता बदलावं. याने आवाज येत नाही, पण घाटात पेडल एकदम खाली जातं, ते आवाजापेक्षा कितीतरी वाईट.

पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर (तिथले पॅडच म्हणा) ड्रमला चिकटतात आणि गाडी काढताना धाडकन आवाज होतो. सपाट जागा बघून पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

आता वॉरंटी

सर्व्हिस सेंटरला गेलो तर अॅडव्हायझरने गाडीखाली वाकायच्या आधी चाकांकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, अलॉय बाहेरचे आहेत, तुमची वॉरंटी व्हॉइड झाली." ब्रेकची पण आणि त्याच दिवशी दाखवलेल्या मागच्या पॉवर विंडोच्या मोटरची पण. अलॉय व्हीलचा आणि काच वर-खाली करणाऱ्या मोटरचा काय संबंध, हे विचारलं तर "कंपनीची पॉलिसी आहे" एवढंच उत्तर.

हे ऐकून गप्प घरी येणं ही सगळ्यात महागाची चूक. बाहेरचा एक पार्ट बसवला म्हणून अख्ख्या गाडीची वॉरंटी आपोआप संपत नाही. वॉरंटी बुकलेट काढून वाचा, बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की बदलामुळे झालेलं नुकसान कव्हर होणार नाही. बदलामुळे, हा शब्द महत्त्वाचा. भारतीय स्पर्धा आयोगानेही २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना सांगितलं होतं की ग्राहक बाहेरच्या गॅरेजला गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडलं तेवढ्यापुरतंच नाकारा. कंपन्या त्याच्यावर अपिलात गेल्या, त्यामुळे तो कागद काउंटरवर आपटला की काम झालं असं समजू नका, पण युक्तिवाद म्हणून तो तुमच्या बाजूचा आहे. अमेरिकेत आपली जी मंडळी आहेत त्यांच्याकडे १९७५ पासून वॉरंटीबद्दलचा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, त्याचाही रोख साधारण हाच.

मात्र दुसरी बाजूही खरी आहे. पॅड, लायनर, क्लच प्लेट, वायपर या झिजणाऱ्या वस्तू, त्यांना साधारणपणे वॉरंटी नसतेच, त्यावरून भांडू नका. मी अॅडव्हायझरला एवढंच म्हटलं की अलॉयमुळे कॅलिपरची पिन कशी जाम होते ते जॉब कार्डवर (गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार आणि काम लिहितं तो कागद) लिहा आणि सही करा. त्याने लिहिलं नाही. दोन दिवसांनी फोन आला, डाव्या कॅलिपरचं काम वॉरंटीत झालं, मोटरही वॉरंटीत बदलली, पॅडचे पैसे मी दिले. आणि ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत होतं, त्या डिस्कचेही मीच दिले, कारण ते खरोखर अलॉय बसवणाऱ्याचं काम होतं. त्याने न्यूमॅटिक गनने नट वाटेल तसे आवळले होते. नट कमी-जास्त आवळले गेले की डिस्क हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) सरळ बसत नाही, मग ती एकीकडे जास्त झिजते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. किती जोर लावला ते मोजणाऱ्या टॉर्क रेंचनेच आवळून घ्या, आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. अलॉयच्या मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधे रिंग लागते, तीही मागा.

ते लाल रंगाचे प्लास्टिकचे कॅलिपर कव्हर तर कृपा करून बसवू नका. उष्णता कोंडते, क्लिप सैल झाली की खडखड करतात आणि चाकाला घासतात, आणि हा आवाज शोधण्यात मेकॅनिकचा अर्धा दिवस जातो.

वायर कापून लावलेले हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टीम यांच्यावर सर्व्हिस सेंटरची नजर सगळ्यात आधी जाते, आणि इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारायला त्यांना ठोस कारण मिळतं. कपलर-टू-कपलर हार्नेस, म्हणजे मूळ प्लगलाच जोडायचा वायरचा तयार जुडगा मिळतो, थोडा महाग पडतो, पण एकही वायर सोलावी लागत नाही. इंजिनचा रिमॅप केलात, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याचं सॉफ्टवेअर बदललंत तर इंजिन-गिअरबॉक्सच्या क्लेमची आशा सोडा. बाहेरून सीएनजी किट बसवलं तर आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला कळवणं दोन्ही लागतं. गाडीतल्या अशा बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की आरसीवरच्या कंपनीच्या मूळ तपशिलात बदल होईल असं मॉडिफिकेशन चालणार नाही.

अजून एक, नवीन गाडी घेताना शोरूममध्येच अॅक्सेसरीज बसवल्या म्हणजे त्या कंपनीच्या, असं धरून चालू नका. बिल नीट बघा. कंपनीचा पार्ट नंबर आहे का, का नुसतं "अॅक्सेसरी पॅकेज" लिहिलंय, का बिलच दुसऱ्या कुठल्या फर्मच्या नावाचं आहे? डिलिव्हरीच्या गडबडीत हे बघायचं राहतं आणि दोन वर्षांनी तोच डीलर म्हणतो, हे तर बाहेरचं आहे.

जॉब कार्डवर "ब्रेक क्लीनिंग" लिहू देऊ नका, तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा : पुढचं डावं चाक, गरम झाल्यावर, ४० च्या स्पीडखाली, ब्रेक दाबल्यावर शिट्टी. आधी मोबाइलवर व्हिडिओ करा, त्यात ओडोमीटर दिसू दे, आणि टेक्निशियनला शेजारी बसवून एक चक्कर मारा. आवाज त्याने ऐकला की पुढचं सोपं होतं. वॉरंटी संपायच्या आत तक्रार जॉब कार्डवर असेल तर नंतर बोलायला तुमच्याकडे कागद असतो. पॅड नवीन टाकले तर पहिले दोनेकशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका, ६० च्या स्पीडवरून २० पर्यंत हळूहळू असे वीस-पंचवीस वेळा दाबा, मधे गार होऊ द्या, नाहीतर नवीन पॅडही वाजतील.

क्लेम नाकारला तर कारण ईमेलवर मागा, डीलरकडून नाही आलं तर कंपनीच्या कस्टमर केअरला तोच ईमेल पाठवा. तरी नाही झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतची गाडी असेल तर जिल्ह्यातच काम होतं, मुदत दोन वर्षांची आहे, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे गाडी पुण्यात घेतली आणि राहायला चिपळूणला असाल तर पुण्याच्या चकरा नकोत, रत्नागिरीला अर्ज करा.