शेवटच्या नळाला पाणी पोहोचेल का? वाडीच्या नळयोजनेचं गणिती मॉडेल कसं बांधायचं

नळयोजना झाली, टाकी भरते, पंप चालतो, आणि तरी खालच्या आळीला पाणी येत नाही. असं का होतं, हे पाइप पुरण्याआधी कागदावर कळू शकतं. त्यासाठी लागणारं गणित अवघड नाही. बहुतेक मॉडेलं चुकतात ती आकडेमोडीत नाही, तर प्रत्यक्ष नळावर काय घडतं ते मॉडेलमध्ये न आल्यामुळे.

उदाहरणाला ९०० वस्तीची, १८० नळजोडण्यांची एक वाडी घेऊ. उंच टाकीतून २५० मीटरची वाहिनी चौकात येते. चौकातून एक फाटा देवळाकडे जातो, ३०० मीटर. दुसरा शाळेकडे जातो, ४०० मीटर. देऊळ आणि शाळा जोडणारा २०० मीटरचा पाइप टाकला, की बंद कडं तयार होतं. आकडे कागदावर घेऊन बरोबर करून पाहा, म्हणजे हात बसेल.

आधी मागणी, आणि तीही तासांसकट

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर आहे. ९०० माणसांना ४९,५०० लिटर लागतात. गळती १५ टक्के धरली तर टाकीतून ४९,५०० ÷ ०.८५, म्हणजे सुमारे ५८,२०० लिटर सोडावे लागतील. इथे १५ टक्के मिळवायचे नाहीत, ०.८५ ने भागायचं. १५ टक्के गळती ही सोडलेल्या पाण्याची असते, पोहोचलेल्या पाण्याची नाही.

आता हे पाणी किती वेळात द्यायचं? चोवीस तास पुरवठा असेल तर सरासरी प्रवाह सेकंदाला ०.६७ लिटर येतो. लहान गावांसाठी कमाल मागणीचा गुणक ३ धरतात, म्हणजे २ लिटर. आपल्याकडे मात्र पाणी बहुधा सकाळी दोन तास सुटतं. ५८,२०० लिटर ७,२०० सेकंदांत द्यायचे, तर सेकंदाला ८ लिटर लागतात. तेच गाव, तेवढंच पाणी, पण प्रवाह चौपट. पाइपातलं घर्षण प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताने वाढतं, म्हणून दाबाची घट चौपट नाही, तेरापट होते. चोवीस तासांच्या हिशेबाने पाइप निवडायचे आणि दोन तास पाणी सोडायचं, यात निम्म्या तक्रारींचं मूळ आहे.

उलटी चूकही होते. दोन तासांचा ८ लिटर प्रवाह काढल्यावर त्याला पुन्हा ३ ने गुणतात आणि पाइप विनाकारण जाड घेतात. पुरवठ्याचे तास आधीच आवळले असतील तर तो गुणक पुन्हा लावायचा नाही.

आपल्या वाडीत देवळाच्या बाजूला ३ आणि शाळेच्या बाजूला ५ लिटर लागतात असं धरू. मागणी नकाशावरच्या क्षेत्रफळावरून वाटू नका. घरं मोजा आणि ज्या नोडवरून (पाइप जिथे जुळतात त्या बिंदूवरून) ज्यांची जोडणी आहे, त्या नोडला ती घरं द्या.

पाइपाचा आतला व्यास

११० मिमीचा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप म्हणतात तेव्हा ते ११० बाहेरचे असतात. पाइपावर एसडीआर (बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी) १७ छापलं असेल तर भिंतीची जाडी साधारण ११० ÷ १७, म्हणजे साडेसहा मिमी असते. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की आत ९७ मिमी उरतात. मॉडेलमध्ये ९७ च्या जागी ११० भरलं तर खरी घट मॉडेलने दाखवलेल्या घटीच्या जवळजवळ १.८५ पट निघते, कारण व्यासाचा घात ४.८७ आहे. घर्षणाने होणारी घट काढायच्या हेझन-विल्यम्सच्या सूत्रात व्यासाइतकं नाजूक दुसरं काहीच नाही. त्यामुळे कॅटलॉगमध्ये पाहून, जमल्यास तुकडा मोजून, आतला व्यासच भरा.

सूत्र असं:

हेडलॉस = १०.६७ × लांबी × प्रवाह^१.८५२ ÷ (सी^१.८५२ × व्यास^४.८७)

हेडलॉस म्हणजे दाबाची घट, पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये मोजलेली. लांबी, व्यास आणि हेडलॉस मीटरमध्ये, प्रवाह सेकंदाला घनमीटरमध्ये. 'सी' हा गुळगुळीतपणाचा आकडा. नव्या प्लॅस्टिक पाइपाला १४० ते १५० धरतात, जुन्या बिडाच्या पाइपाला १०० किंवा त्याहून कमी. हे सूत्र फक्त नेहमीच्या तापमानाच्या पाण्यासाठी आहे. तेल, उसाचा रस किंवा गाळमिश्रित पाणी असेल तर डार्सी-वाइसबाख सूत्राकडे जावं लागतं.

आपण सी १४० धरू. प्रत्येक पाइपाचे न बदलणारे आकडे एकत्र करून त्याचा एकच 'रोध' काढून ठेवा, म्हणजे हेडलॉस = रोध × प्रवाह^१.८५२. प्रवाह सेकंदाला लिटरमध्ये घेतला तर रोध असे येतात:

चौक ते देऊळ, ३०० मीटर, आत ९७ मिमी: ०.०८११
चौक ते शाळा, ४०० मीटर, आत ९७ मिमी: ०.१०८२
देऊळ ते शाळा, २०० मीटर, आत ६६ मिमी: ०.३५२७

हाताने एक कडं सोडवा

नियम दोनच, आणि विजेच्या जाळ्यालाही तेच लागू होतात. नोडमध्ये जेवढं पाणी येतं तेवढंच बाहेर जातं. बंद कड्यात फेरी मारून परत आलात, की दाबाच्या घटींची बेरीज शून्य झाली पाहिजे. इलिनॉय विद्यापीठाचे हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये हे हाताने सोडवायची रीत मांडली. ती अशी: पहिला नियम पाळणारे प्रवाह अंदाजाने धरायचे, मग दुसरा नियम पाळला जाईपर्यंत ते दुरुस्त करत जायचं.

अंदाज धरू: चौक-देऊळ ५, देऊळ-शाळा २, चौक-शाळा ३. देवळात ५ आले, ३ वापरले, २ पुढे गेले. शाळेत २ आणि ३ मिळून ५ आले. नोड जुळले.

हेडलॉस काढा. चौक-देऊळ १.६०, देऊळ-शाळा १.२७, चौक-शाळा ०.८३ मीटर. चौक-देऊळ-शाळा या दिशेने फिरताना पहिले दोन अधिक, आणि शाळेहून चौकात परतताना प्रवाहाच्या उलट जातो म्हणून तिसरा उणे. बेरीज २.०४. शून्य हवी होती.

दुरुस्ती = − बेरीज ÷ (१.८५२ × प्रत्येक हेडलॉस भागिले त्याचा प्रवाह, यांची बेरीज). कंसात ०.३२ + ०.६४ + ०.२८ म्हणजे १.२३ येतात. १.८५२ ने गुणले की २.२८. दुरुस्ती −०.९०. फिरण्याच्या दिशेतल्या दोन पाइपांतून ०.९ वजा करा, तिसऱ्यात मिळवा: ४.१, १.१, ३.९. नोड अजूनही जुळतातच, कारण एकच आकडा कड्याभोवती फिरवला. दुसऱ्या फेरीत बेरीज ०.१८ आणि दुरुस्ती −०.१० येते. प्रवाह झाले ४.०, १.० आणि ४.०. शाळेपर्यंत चौकातून घट १.४१ मीटर.

दुरुस्ती फेरीगणिक मोठी होत गेली तर नव्वद टक्के वेळा चूक चिन्हाची असते. एखाद्या पाइपात प्रवाह उणे निघाला तर घाबरू नका, पाणी उलट्या दिशेने वाहतंय एवढाच त्याचा अर्थ. हेडलॉसचं चिन्हही त्याबरोबर बदला.

आता टाकीपासून चौकापर्यंतचे २५० मीटर. आत ११० मिमी, ८ लिटर प्रवाह, तर घट १.७२ मीटर. एकूण ३.१३. बेंड, टी आणि व्हॉल्व्हसाठी दहा टक्के मिळवले की साधारण ३.४.

टाकीचं पाणी ५६२ मीटर पातळीवर, शाळेपाशी जमीन ५५१ वर. ११ वजा ३.४, म्हणजे ७.६ मीटर दाब उरला. एकमजली घरांना किमान ७ मीटर हा आपल्याकडचा रूढ निकष, दुमजलीला १२. काठावर पास. पण हे ५६२ म्हणजे टाकीतल्या पाण्याची सर्वांत खालची पातळी असली पाहिजे. भरलेल्या टाकीची पातळी धरली तर तीन मीटर खोटा दाब मिळतो आणि टाकी उतरत जाते तशी शाळेची आळी कोरडी पडते.

जमिनीच्या पातळ्यांबद्दलही तेवढंच काटेकोर राहा. मोबाइलचा जीपीएस किंवा उपग्रहाचा उंचीनकाशा काही मीटर चुकतो, आणि आपण इथे ०.६ मीटरच्या जोरावर पास होतोय. ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून पातळ्या घ्या. सर्वांत उंच घर आणि सर्वांत लांबचं घर सोडू नका. बऱ्याचदा ती दोन वेगळी घरं असतात.

एपानेटमध्ये टाकताना

कडी दोन-तीनच्या वर गेली की संगणक हवा. एपानेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर १९९३ पासून आहे. कडी नसलेलं, नुसते फाटे फुटत गेलेलं जाळं असेल आणि कमी खर्चात पाइपांचे व्यास निवडायचे असतील, तर आयआयटी मुंबईचं जलतंत्र पाहा. ते खास त्यासाठीच केलेलं आहे.

एपानेट उघडल्यावर एकही रेघ ओढण्याआधी प्रवाहाचं एकक एलपीएस (सेकंदाला लिटर) करा. गॅलनचं एकक राहिलं तर लांबी फुटांत आणि व्यास इंचांत समजला जातो. एकक नंतर बदललं तर आधी भरलेले आकडे आपोआप बदलत नाहीत. मग वर सोडवलेलं तीन पाइपांचं कडं त्यात भरा. ४, १, ४ आलं तरच पूर्ण गाव भरायला घ्या.

आता मुख्य अडचण. एपानेट नेहमीच्या पद्धतीत असं मानतं की नोडला लिहिलेली मागणी मिळणारच, दाब काहीही असो. त्यामुळे पाणी पुरत नसलं तरी मागणी पूर्ण दाखवतं आणि दाब उणे दाखवून इशारा देतं. तो उणे आकडा खरा नसतो. त्या नळाला इतकं पाणी मिळणार नाही, एवढंच त्यातून समजायचं. २०२० साली आलेल्या २.२ आवृत्तीत दाबावर अवलंबून मागणी काढायची सोय आहे. ती निवडलीत तर आवश्यक दाबाचा आकडा स्वतः भरा, ७ मीटर. मुळात तिथे ०.१ असतं. तेच राहिलं तर सगळं गाव तृप्त दिसतं. ७ भरल्यावर साडेतीन मीटर दाबाच्या नोडला मागणीच्या ७१ टक्के पाणी दिसेल, कारण घात ०.५ आहे.

दोन तासांच्या पुरवठ्यात हेही पुरत नाही. पाणी सुटलं की प्रत्येक घर नळ पूर्ण उघडून टाकी, पिंप, हंडे भरतं. ते ५५ लिटर मोजून थांबत नाहीत, आणि का थांबावं, उद्या पाणी येईल याची खात्री कुठे असते? म्हणून नळ जसा आहे तसा मोजा. १५ लिटरची बादली आणि दाबमापक घ्या. समजा ४ मीटर दाबाला बादली ६० सेकंदांत भरली. प्रवाह ०.२५ लिटर, भागिले ४ चं वर्गमूळ, म्हणजे नळाचा गुणक ०.१२५. नोडवर असे २० नळ असतील तर एपानेटमध्ये एमिटरचा (दाबाप्रमाणे पाणी सोडणाऱ्या तोंडाचा) गुणक २.५ भरा आणि त्या नोडची मागणी शून्य करा, नाहीतर तेच पाणी दोनदा मोजलं जाईल.

मग दिसतं ते असं: १८० नळांना ४ मीटर दाब टिकवायचा तर सेकंदाला ४५ लिटर हवेत. आपण पाइप ठेवलेत ८ लिटरचे. ४५ लिटरला हेडलॉस ३.१३ मीटरच्या जवळजवळ पंचवीसपट होईल, आणि टाकीकडे आहेत ११ मीटर. म्हणून दाब कोसळतो, टाकीजवळची घरं पिंपं भरून घेतात आणि शाळेची आळी थांबून राहते. खालच्या आळीची तक्रार खोटी नसते, ती या समीकरणातून निघते.

उपाय मॉडेलमध्ये एकेक करून पाहा. प्रत्येक जोडणीवर प्रवाह रोखणारं फेरूल किंवा नियंत्रक बसवून मिनिटाला साधारण २.७ लिटरवर आणा. ८ लिटर १८० घरांत वाटले की तेवढेच येतात. किंवा तास वाढवा: सहा तासांत तेच पाणी २.७ एलपीएसने जातं आणि हेडलॉस आठव्या हिश्श्याच्या आसपास येतो. झोन करून तास वाटायचे असतील तर जपून. शाळेकडचे ३६,००० लिटर एका तासात द्यायचे ठरवले, तर तिकडे ५ च्या जागी १० एलपीएस न्यावे लागतील. मॉडेल पुन्हा चालवल्याशिवाय व्हॉल्व्हचं वेळापत्रक लावू नका.

एक गोष्ट एपानेट दाखवूच शकत नाही: रिकामा पाइप. ते पाइप सदैव भरलेले मानतं. आपल्या वाडीच्या पाइपांत ८ घनमीटरहून थोडं जास्त पाणी मावतं. रात्री सगळे रिकामे झाले तर ८ एलपीएसने भरायलाच १७ मिनिटं जातात, दोन तासांतली. हवा अडकली तर आणखी. चढाच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह द्या आणि ही मिनिटं पुरवठ्याच्या वेळेतून वजा करूनच प्रवाह काढा.

मॉडेल गावाशी पडताळणं

सहा-आठ नळांवर एकाच वेळी दाबमापक लावा. ४ किलोपर्यंतचं मापक पुरतं, १ किलो म्हणजे १० मीटर. त्याच वेळी टाकीची पातळी दर दहा मिनिटांनी टिपा. पातळी उतरण्याचा वेग गुणिले टाकीचं क्षेत्रफळ म्हणजे खरा एकूण प्रवाह. टाकीत त्या वेळी पंप चालू नसावा.

सगळीकडे सारखाच फरक आला तर टाकीच्या पातळीचा आकडा चुकला आहे. फरक एका ठिकाणापासून पुढे अचानक वाढला तर तिथे अर्धवट बंद व्हॉल्व्ह, नकाशापेक्षा बारीक पाइप किंवा गळती आहे. फरक टाकीपासून दूर जाताना हळूहळू वाढत असेल तर मागणी कमी धरली आहे. 'सी'ला हात सर्वांत शेवटी लावा. आकडे जुळवण्यासाठी नव्या एचडीपीईचा सी ६० करावा लागत असेल, तर मॉडेल सोडा, फावडं घेऊन त्या पाइपावरचे व्हॉल्व्ह शोधा. रस्त्याच्या डांबराखाली गाडला गेलेला, दोन आट्यांवर अडकलेला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा तिथेच सापडतो.