व्हेटर्नरी, डेअरी, ॲग्रीला लागलेल्या पोरापोरींनो, प्लॅन पहिल्या वर्षालाच करा

परवा मंगळवेढ्याच्या एका ओळखीच्या काकांचा फोन आला. पोरगी शिरवळला व्हेटर्नरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणत होते पुढं काय करायचं ओ, सगळे म्हणतेत एमपीएससी कर. असे फोन मला सारखे येतात आणि प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मी सांगोला तालुक्यातला. व्हेटर्नरी केलं, मग पशुपोषणात एमव्हीएससी (व्हेटर्नरीची पुढची पदवी, म्हणजे पीजी) केलं, आता सोलापूर भागातच प्रॅक्टिस करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की शेवटच्या वर्षाला परीक्षांची यादी काढून बसण्याला प्लॅनिंग म्हणत नाहीत. पहिल्या-दुसऱ्या वर्षातच आपल्या तालुक्यातलं एक जनावर आणि त्याची एक अडचण धरायची आणि ती सोडायची नाही. पीजी, फेलोशिप, नोकरी, स्वतःचा धंदा, पुढं ह्यातलं काहीही करा, ते धरून ठेवलेलं काम सगळीकडं उपयोगी पडतं.

आधी कुठल्या गाडीत बसलाय ते बघा

बारावीतल्या पोरांचा इथंच घोळ होतो म्हणून आधी हे. बीव्हीएससी अँड एएच, म्हणजे व्हेटर्नरीची पदवी, साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं १ वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या मार्कांवर. १५ टक्के जागा देशपातळीवरच्या कोट्यातून भरतात, त्याचं कौन्सेलिंग व्हेटर्नरी कौन्सिल करतं, आणि राज्याच्या जागा नागपूरच्या माफसूकडून (पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) भरतात. त्याचा फॉर्म वेगळा असतो, मेडिकलचा भरला म्हणजे हा भरला असं होत नाही. सोलापूरकरांना जवळची कॉलेजं म्हणजे शिरवळ आणि उदगीर, शिवाय परभणी, मुंबई, नागपूर आहेत. डेअरी टेक्नॉलॉजीचं बीटेक वेगळं, त्याला सीईटी. बीएस्सी ॲग्री पण सीईटीवर, आणि ॲग्रीवाल्यांना पुढं पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र घेऊन एमएस्सी करता येतं. राहुरीला हा विभाग आहे.

एक गोष्ट घरच्यांनाही समजावून सांगा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे, त्याप्रमाणं मान्य पदवी आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असल्याशिवाय पशुवैद्यक म्हणून प्रॅक्टिस करता येत नाही. डिप्लोमाचं काम वेगळं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवांचं. दोन्हीला मान आहे, पण दोन्ही एकच आहेत असं कुणी सांगून फी घेत असेल तर लांब राहा.

वही

आता मुद्द्याचं. दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, उसाचा हंगाम सुरू झाला होता, आणि मी आमच्या भागातल्या एका जुन्या डॉक्टरांच्या गाडीवर मागं बसून फिरायला लागलो. आपल्याकडं हंगामात काय होतं तुम्हाला माहितीय, ऊसतोड चालू झाली की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्तात मिळतात, कधी फुकट, मग गव्हाणीत सकाळ-संध्याकाळ वाढेच वाढे. एका वस्तीवर संकरित गाय, तिसरं वेत, व्यायल्याला दोन दिवस झालेले, बसलेली ती उठंना. मान पोटाकडं वळवून ठेवलेली, कान हाताला गार लागत होते, नाक कोरडं. मिल्क फीवर म्हणतात पण ताप नसतो त्यात, उलट अंग गार पडतं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली, लई हळू, एक हात सलाइनच्या नळीवर आणि छातीवर स्टेथोस्कोप, मला म्हणाले ठोके मोज आणि चुकायला लागले की लगेच सांग. अर्ध्यापेक्षा जास्त बाटली गेल्यावर गाईच्या खांद्याचं कातडं थरथरायला लागलं, तिनं ढेकर दिली, शेण टाकलं आणि थोड्या वेळानं मागचे पाय टेकवून उभी राहिली. घरातल्या म्हातारीनं गाईच्या कपाळाला हात लावला आणि ती रडायलाच लागली.

त्या रात्री मी एका दोनशे पानी वहीत लिहिलं. तारीख, गाव, जात, वेत, वय, काय खायला घालतात, लक्षणं, औषध, आणि तिसऱ्या दिवशी काय झालं. त्या सुट्टीत अशा ६ गाई लिहिल्या आणि सहाही ठिकाणी खाण्याच्या रकान्यात वाढे. पुढं पोषणाच्या तासाला सरांनी सांगितलं की वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियमला धरून बसतं, जनावराला मिळू देत नाही, म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. तेव्हा वही काढून सरांना दाखवली. सरांनी ती सगळी वाचली, मग विचारलं की कुठल्या गाईला खनिज मिश्रण चालू होतं ते का लिहिलं नाहीस. तो रकाना मी दुसऱ्या दिवशी वाढवला. माझ्या एमव्हीएससीच्या विषयाची सुरुवात तिथं झाली. फॉर्म, परीक्षा हे सगळं केलंच, पण मुलाखतीत तुमच्या भागातली काय समस्या आहे असं विचारलं तेव्हा मला आठवावं लागलं नाही.

म्हणून वही करा. मोबाईलमध्ये केली तरी चालंल, पण रोजची रोज. फोटो काढताना मालकाला विचारून काढा आणि वहीत मालकाचं नाव नको, गाव पुरे. सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा रकाना, तीन दिवसांनी काय झालं. तो कुणी भरत नाही कारण परत फोन करावा लागतो. तुम्ही करा. दोन-तीन वर्षांनी १०० नोंदी झाल्या की एक्सेलला टाका, आणि डिपार्टमेंटमध्ये ज्या मॅडम किंवा सर संख्याशास्त्र शिकवतात त्यांच्याकडं जाऊन बसा.

आणि त्याच वहीत लिहिलेली एक वाईट नोंद पण सांगतो. एका गावात डॉक्टर पोचायच्या आधी दुसऱ्याच कुणीतरी घाईत कॅल्शियम भराभर सोडलं, गाय जागेवर गेली. त्या घरातल्या दुधावर पोरांची फी चालत होती. तुम्ही व्हेटर्नरीला आहात म्हटल्यावर गावात लोकं म्हणतीलच की दे की एक इंजेक्शन, तू शिकतोयस ना. द्यायचं नाही. रजिस्ट्रेशन होईपर्यंत हातात सुई फक्त शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. कॉलेजला गेल्या गेल्या रेबीजची आधी घ्यायची लस घ्या, आणि गाभडलेल्या गाईचा वार (झार) उघड्या हातानं काढू नका, ब्रुसेलोसिस माणसाला होतो आणि लवकर सोडत नाही.

कुठलं जनावर धरायचं

आपला जिल्हा ह्या बाबतीत श्रीमंत आहे आणि आपल्यालाच त्याची किंमत नाही ह्याचं मला वाईट वाटतं. पंढरपुरी म्हैस आपल्या नावाची, तलवारीसारखी लांब शिंगं, कमी चाऱ्यात तग धरणारी. खिलार आपला, २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडी शर्यतींचा कायदा मान्य केला, आता शर्यतीच्या बैलांचा आहार, पायाच्या दुखापती, शर्यतीआधीची तपासणी ह्यात काम करणारे डॉक्टर लागतात. उस्मानाबादी शेळी आहे, माडग्याळ मेंढी शेजारच्या जत भागातली. मेंढी-शेळी महामंडळाचं प्रक्षेत्र सांगोला तालुक्यातच महूदला आहे आणि आपली कितीतरी पोरं तिथं एकदाही गेलेली नसतात. फलटणच्या निंबकर संस्थेनं जुळी कोकरं देणारी नारी सुवर्णा मेंढी तयार केली, ते बघून या. पुण्याला जाताना वाटेत उरुळी कांचन लागतं, तिथं बाएफ आहे, १९६७ साली सुरू झालेली, संकरीकरण आणि कृत्रिम रेतनात काम करणारी संस्था. उन्हाळी सुट्टीत अशा ठिकाणी १५ दिवस मागून घ्या. अर्ज साध्या मराठीत एक पानाचा लिहा, मला काय शिकायचंय ते नेमकं लिहा, नुसतं अनुभव पाहिजे असं लिहू नका.

ॲग्रीवाल्यांनी रावे मध्ये (शेवटच्या वर्षाला गावात राहून करायचं काम) गाव मिळालं की सगळं पिकावरच घालवू नका. त्या गावातल्या १० गोठ्यांचा चारा, दूध, फॅट आणि खर्च चार महिने लिहून काढा. मालदांडी ज्वारीचा कडबा कुट्टी करून घातला तर किती वाया जातो आणि तसाच टाकला तर किती, एवढा साधा विषय पण चांगला प्रोजेक्ट होतो. पावसाळ्यात कोवळी ज्वारी खाऊन किराळ लागलेली (विषबाधा झालेली) जनावरं दिसतील, त्याच्या तारखा आणि पाऊस कधी झाला ते लिहा.

परीक्षा आणि वाटा

ओजीपीए, म्हणजे सगळ्या वर्षांची गुणांची सरासरी, पडू देऊ नका, एवढंच अभ्यासाबद्दल. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि एलपीएम (पशुधन उत्पादन व्यवस्थापन) असतं. एलपीएमला पोरं सोपं म्हणून सोडतात आणि पुढं गोठ्याचं नियोजन सांगायची वेळ आली की अडकतात. ७५ टक्के हजेरी लागतेच.

पीजीला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) देशपातळीवरची परीक्षा द्या, नुसती राज्याची नको. इज्जतनगरचं आयव्हीआरआय (पशुवैद्यक संशोधन संस्था), कर्नालचं एनडीआरआय (डेअरी संशोधन संस्था), हिसारचं म्हैस संशोधन केंद्र, मखदूमचं शेळी संशोधन केंद्र, अविकानगरचं मेंढीचं, अशा ठिकाणी आपली पोरं कमी जातात कारण लांब वाटतं. आयव्हीआरआयची सुरुवात १८८९ साली आपल्या पुण्यात झाली होती, तेव्हा परकं वाटून घेऊ नका. रँक चांगली आली तर ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळते, घरून पैसे मागायची वेळ येत नाही. पुढं शिकवायचं किंवा शास्त्रज्ञ व्हायचं असेल तर एएसआरबीच्या (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) नेट आणि एआरएस ह्या परीक्षा. ह्याची तयारी इंटर्नशिपमध्ये नको, तिसऱ्या वर्षापासून रोज तासभर बास.

एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, गट अ. २०२५ ला २७९५ पदांची जाहिरात निघाली, पण अशा जाहिराती दरवर्षी येत नाहीत, म्हणून सगळं त्यावर टांगून ठेवू नका. बँकांच्या आयबीपीएसमधून ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसर होता येतं, त्याला व्हेटर्नरी, पशुसंवर्धन, डेअरी, ॲग्री सगळे चालतात आणि आपल्याकडं ह्याची माहितीच नसते. सैन्यात रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आहे. खाद्य कंपन्या, कुक्कुटपालन कंपन्या, औषध कंपन्या आहेत, तिथं गाडीवर फिरायची तयारी पाहिजे.

धंदा करायचा असेल तर राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के भांडवली अनुदान आहे, शेळी-मेंढीला कमाल ५० लाख, कोंबडीला २५ लाख. वाचून हुरळून जाऊ नका, उरलेला पैसा आणि कर्ज तुमचंच असतं. आधी दुसऱ्याच्या ५० शेळ्या एक पावसाळा सांभाळून बघा, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांची साथ) आणि आंत्रविषाराची लस कधी, किती करडं जगली, सगळं वहीत. मग प्रकल्प अहवाल लिहा. तुमच्या वहीतला मरतुकीचा आकडा आणि कन्सल्टंटच्या अहवालातला आकडा शेजारी ठेवून बघा.

कागदपत्रं

ह्यात मी स्वतः पोळलोय. महाडीबीटी ह्या सरकारी वेबसाईटवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला, मंजूर झाला, आणि पैसे आलेच नाहीत कारण बँकेचं खातं आधारला लिंक नव्हतं, आणि ज्या ठिकाणी तीनदा विचारलं तिथं तीनदा झालंय म्हणून सांगितलं. त्या वर्षीची मेस बापानं एक पाडी विकून भरली. म्हणून स्वतः तपासा, आधारला कुठल्या बँकेचं खातं जोडलंय ते आधारच्या वेबसाईटवर दिसतं. राजर्षी शाहू फी शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता, दोन्ही बघा, बसत असाल तर दोन्ही भरा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर जूनच्या आधी काढा. जात पडताळणी अकरावीतच टाका, बारावीच्या निकालानंतर पळापळ करून ती मिळत नाही. पोरींच्या आईबापांना सांगतो, लांबचं कॉलेज म्हणून जागा सोडू नका, हॉस्टेल बघून या, सीनिअर पोरींशी बोला आणि मग ठरवा.

ह्या रविवारी

सुरुवात कुठून करू असं विचारणाऱ्यांसाठी, रविवारी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात या. सकाळी लवकर या, उन्हं वर आली की चांगली जनावरं गेलेली असतात. एखाद्या जाणत्या माणसाच्या मागं उभं राहा, तो बैलाचा खालचा ओठ कसा उघडतो ते बघा, आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला, ही दातांवरून वय सांगायची नावं. साधारण २ वर्षाला पहिली जोडी येते, हे पुस्तकात आहेच, पण बोटानं दात चाचपून वय सांगायला ५० जनावरं बघावी लागतात. रुमालाखाली बोटं धरून दर ठरत असतो तेव्हा मधे बोलू नका. व्यवहार झाल्यावर चहा घेताना विचारा, मामा हे जनावर का घेतलं आणि ते शेजारचं का सोडलं. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दात, तारखेसकट, पहिल्या पानावर लिहा.