भिगवणला जाण्याआधी: बदकांच्या फोटोंची तयारी

बॅग भरायला घेण्याआधी एक संध्याकाळ काढून मागच्या हिवाळ्यातले बदकांचे फोटो मोठ्या स्क्रीनवर बघा. मी बघितले तेव्हा तीन दोष पुन्हा पुन्हा दिसले: पक्षी वरून टिपलेला, छातीवरची पिसं धारदार पण डोळा मऊ, आणि पांढरा रंग जळलेला, म्हणजे इतका उजळ की पिसांचा तपशीलच उरला नाही. यंदाची माझी तयारी या तिन्हींसाठी आहे. तुमचे दोष वेगळे असतील, पण ते कागदावर लिहून मगच निघा.

सरावासाठी लगेच उजनी धरणाच्या फुगवट्यावरचं भिगवण गाठायची गरज नाही. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या काठी कवडीपाट आहे. तिथं हळदी-कुंकू बदक आणि चक्रवाक बऱ्यापैकी जवळून दिसतात. पाण्यावर फेस आणि प्लॅस्टिक असतं, हे मनाला लागतंच. पण त्यामुळे शटर दाबण्याआधी फ्रेमच्या चारही कडा तपासायची सवय लागते. दोन रविवार तिथं घालवा आणि मग उजनीच्या फुगवट्यावर जा.

आता सर्वांत महत्त्वाचं, उंची. बदक पाण्याला टेकून जगतं, म्हणून कॅमेराही पाण्याच्या जवळ हवा. उभं राहून फोटो काढला की पक्ष्याच्या मागे त्याला लागूनचंच पाणी येतं आणि त्यातली प्रत्येक लाट स्पष्ट उमटते. लेन्स खाली आणली की मागचं दृश्य थेट पलीकडच्या काठापर्यंत लांबतं, विरघळून जातं, आणि पक्षी मोकळा होतो. म्हणून मळले तरी चालतील असे कपडे, अंथरायला जाड प्लॅस्टिक आणि लेन्स टेकवायला तांदूळ किंवा ज्वारी भरलेली पिशवी (बीनबॅग) घ्या. कॅमेऱ्याची स्क्रीन बाहेर उघडणारी असेल तर झोपायचीही गरज नाही. भिगवणजवळच्या कुंभारगावला होडीतून जाणार असाल तर ट्रायपॉड घरीच ठेवा, हलत्या होडीत तो कामाचा नाही. फळीवर न बसता शक्य तितकं खाली बसा.

नावाड्याशी निघण्यापूर्वीच बोलून घ्या. "काका, ऊन पाठीशी राहील अशी होडी लावा, आणि थव्यापासून लांबच थांबा," एवढं सांगितलं तरी पुरतं. उडते पक्षी मिळावेत म्हणून थव्यात होडी घालायला कधीही सांगू नका. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) हिमालय ओलांडून इथं चरायला आणि विसावायला आलेले असतात. आपल्या एका फोटोसाठी त्यांना उठवणं मला मान्य नाही. थांबलात तर उड्डाणही मिळतं. बदकं सहसा वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उठतात, त्यामुळे वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी असतील तर पक्षी तुमच्याकडे तोंड करूनच उडेल.

फोकसची सेटिंग घरीच करून ठेवा. सतत फोकस चालू, तो मागच्या बटणावर, आणि एकच बिंदू किंवा छोटा झोन. पोहणाऱ्या पक्ष्याला काठावरून १/८०० सेकंद पुरतो. होडीतून १/१२५० च्या खाली जाऊ नका, आणि उड्डाणाला १/२००० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा. बिंदू डोळ्यावर हवा, आणि त्या डोळ्यात उजेडाचा ठिपका आला की दाबायचं. डोकं किंचित आपल्याकडे वळेपर्यंत थांबा. जोडी टिपायची असेल तर दोघं आपल्यापासून सारख्या अंतरावर येऊ द्या आणि अपर्चर एफ ८ करा. नाहीतर एकाचा डोळा हमखास सुटतो.

आंघोळ करणाऱ्या बदकावर तर नजर खिळवूनच ठेवा. ते डोकं पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवतं, अंगावर पाणी घेतं आणि मग बहुतेक वेळा पाण्यावर उभं राहून पंख झटकतं. बुडक्या सुरू झाल्या की झूम थोडा मागे घ्या आणि वर व दोन्ही बाजूंना जागा सोडा, म्हणजे पंखांची टोकं कापली जाणार नाहीत. एरवी पक्ष्याच्या तोंडापुढे मागच्यापेक्षा जास्त पाणी ठेवा. प्रतिबिंब घ्यायचं तर पूर्ण घ्या, अर्ध्यावर तोडलेलं प्रतिबिंब डोळ्याला खुपतं.

रंगाचं बरंचसं काम तुम्ही कुठे बसता यावर ठरतं. थापट्या बदकाच्या नराच्या डोक्यावरचा हिरवा उन्हाच्या कोनावर खुलतो. कोन चुकला की तेच डोकं काळं दिसतं आणि संगणकावर तो हिरवा परत येत नाही. शिवाय हिवाळ्याच्या सुरुवातीला बरेच नर अजून मळकट पिसांतच असतात. तेव्हा रंग फिका वाटला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका, जानेवारीत पुन्हा जा. पाण्याचा रंग समोरच्या काठाचा असतो. दोन पावलं सरकलात तर राखाडी पाण्याच्या जागी हिरवं किंवा सोनेरी पाणी मिळू शकतं.

एक्सपोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा, हे शिकायला वारकरी हा पाणपक्षी उत्तम. अंग काळं, चोच आणि कपाळ पांढरं. काळं अंग बघून कॅमेरा फोटो उजळवतो आणि कपाळ जळतं. एक्सपोजर उणे २/३ करून बघा, हिस्टोग्रामचं (स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाचं) उजवं टोक कडेला चिकटू देऊ नका, आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) 'डेलाइट'वर ठेवा, म्हणजे चक्रवाकाचा सकाळचा नारिंगी प्रत्येक फोटोत बदलत राहणार नाही. घरी आल्यावर तो नारिंगी आणखी भडक करू नका, पिसांची नक्षी त्यात बुडून जाते. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) नको. तो उजेड खातो, आणि आपल्याला हवं असलेलं प्रतिबिंबही पुसू शकतो.

बाकी सामान थोडंच: दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या, रिकामी कार्डं, मऊ फडकं, टोपी, पाणी आणि दुर्बीण. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि कितीही महागड्या लेन्सने लांबचा पक्षी मऊच येतो, तेव्हा दुर्बीण हाती घ्यायची.

आदल्या संध्याकाळी नावाड्याला फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा, कारण चिखल उघडा पडला तरच रोहित पक्षी जवळ चरताना दिसतील. भिगवण पुण्याहून साधारण १०० किलोमीटर आहे. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून घरातून चारला निघा आणि उजाडण्याआधी होडीत बसलेले असा.