नाव आधी बसवा, चित्र नंतर

ग्राफिक डिझाइन शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी क्लासचा पत्ता देत नाही. 500 बाय 150 पिक्सेलची एक आडवी पट्टी उघड, त्यात एक चित्र आणि एक नाव बसव, आणि उद्या परत नवी उघड, एवढंच सांगतो. सिग्नेचर इमेज म्हणून नेटवर ज्या छोट्या पट्ट्या पोरं मिरवायची, त्याही अशाच: गेममधला एखादा योद्धा नाहीतर क्रिकेटपटू, मागे धूर आणि ठिणग्या, बाजूला आपलं टोपणनाव. मी डिझाइन शिकलो ते या पट्ट्यांवर. आज सोलापुरात पोट भरतो ते लोगो, पॅकिंग आणि फ्लेक्सवर, पण हाताला वळण लागलं ते तिथंच.

पट्टी का, तर ती एका संध्याकाळी पुरी होते. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स नवख्याच्या हातात दिला तर तो घाबरून जागा भरत सुटतो. वर महापुरुष, मध्ये नेता, खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. जागा भरली म्हणजे काम झालं असं वाटायला लागतं. पट्टीत तशी सोय नसते. तिथं पहिलं काय दिसणार, दुसरं काय आणि काय काढून टाकायचं, हे ठरवावंच लागतं.

फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमधले लेयर, मास्क, पेन टूल हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. नसेल येत तर आठवडाभर त्यातच घालवा आणि मग या. चित्राबद्दल फार बोलत नाही, कारण ते व्हिडिओ बघून जमतं. फक्त एवढं पाळा: कापून घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून असेल तर मागचा चमकारा उजवीकडे ठेवू नका. लेयर खालच्या लेयरमध्ये कसा मिसळायचा ते ब्लेंडिंग मोड ठरवतो: काळ्या पार्श्वभूमीवरची आग किंवा ठिणगी स्क्रीन मोडमध्ये टाकली की काळं निघून जातं, पांढऱ्यावरची शाई मल्टिप्लायमध्ये टाकली की पांढरं जातं. खोडरबर वापरू नका, मास्क वापरा, म्हणजे उद्या मन बदललं तर परत येता येतं. आणि काम 300 टक्के झूमवर करत बसू नका. लोक 100 टक्क्यांवर बघणार आहेत.

आता मुख्य मुद्दा. चित्र आधी आणि नाव शेवटी, याच सापळ्यात मी इतका काळ अडकून होतो की आता कुणाला अडकलेलं बघवत नाही.

जवळजवळ सगळे इंग्रजी व्हिडिओ आधी चित्र पूर्ण करतात आणि नाव शेवटी टाकतात. रिकामा कोपरा शोधायचा, नाव टाइप करायचं, थोडी चमक द्यायची, झालं. इंग्रजीत हे खपतं. कॅपिटल अक्षरं दोन समांतर रेघांच्या मध्ये बसतात, सरळ आयत होतो, तो कुठेही सरकवता येतो. आपलं अक्षर तसं बसत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षराची शेपटी. अक्षराचं अंग 40 पिक्सेल ठेवलं तर वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजा, दीडपट ते दुपटीच्या आसपास जातं. पट्टीची सगळी उंची 150. म्हणजे निम्मी पट्टी नावाचीच झाली! चित्र पूर्ण करून मग ही जागा शोधायला निघाल तर ती नसतेच. मग नाव बारीक करता, मग ते वाचता येत नाही, मग त्याला पांढरी किनार देता, मग किनार क आणि ब यांच्या पोटात भरते आणि मात्रा शिरोरेषेला चिकटते. मग चमक वाढवता. इथपर्यंत आलं की पट्टी मेलेली असते आणि तुम्ही समजता की आपल्याला इफेक्ट जमत नाहीत. इफेक्टचा काही दोष नसतो. जागाच ठेवलेली नव्हती.

म्हणून उलटं करा. रिकामी पट्टी, राखाडी रंग, त्यावर नुसतं नाव. नाव जिथं बसलंय तिथून चित्र कुठे जाईल ते ठरवा. वेलांटी उजवीकडे झुकत असेल तर योद्ध्याची तलवार त्या बाजूने आणता येते का बघा. उकार खाली लटकत असेल तर तिथं धूर जाऊ द्या. अक्षराच्या वळणातूनच चित्राची दिशा सापडते. हे एकदा हाताला कळलं की पट्ट्यांची जात बदलते.

सापळ्याचा दुसरा भाग तोच, फक्त बारीक. व्हिडिओत सांगतात की अक्षरांमधलं अंतर वाढवा, उठून दिसतं. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि नावाचे तुकडे पडतात. कमी केलं तर अक्षरं एकमेकांत घुसतात. ट्रॅकिंग, म्हणजे हे अक्षरांमधलं अंतर, शून्यावर ठेवा. हवा हवी असेल तर रुंद अंगाचा फाँट निवडा. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आदळतो का ते डोळ्यांनी बघा, आपोआप येणाऱ्या अंतरावर विसंबू नका.

तिसरा भाग सॉफ्टवेअरचा. फोटोशॉपच्या बऱ्याच जुन्या आवृत्त्यांत मराठी टाइप केलं की वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर दिसतं. फाँट खराब आहे असं समजून मुलं फाँट बदलत बसतात. प्रेफरन्सेसमध्ये टाइप उघडा, तिथं टेक्स्ट इंजिनसाठी वर्ल्ड-रेडी लेआउट असेल, त्याहून जुन्यात मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असेल, ते निवडा, मग नवी फाइल उघडा. आधीच्या फाइलमध्ये फरक दिसला नाही म्हणून वैतागू नका. गिंप आणि इंकस्केप फुकट आहेत आणि त्यांत देवनागरी मुळातच नीट जुळते.

नीट जुळतंय का हे तपासायला आपल्या गावाने तीन नावं दिलीत: सिद्धेश्वर, मार्कंडेय, रूपाभवानी. पहिल्यात वेलांटी आणि दोन जोडाक्षरं, दुसऱ्यात एकाच क वर रफार आणि अनुस्वार दोन्ही, तिसऱ्यात रू चं वेगळं वळण. कुठलाही नवा फाँट हाती आला की ही तीन नावं टाइप करा. तिन्ही स्वच्छ आली तर तो पट्टीला चालेल. छोट्या आकाराला मी मुक्ता नाहीतर तेको वापरतो. तेको चौकोनी आणि अरुंद आहे, लांब नाव मावतं. मोदक मला फार आवडतो, पण त्याचं अंग इतकं भरलेलं आहे की लहान केला की अक्षराच्या आतली फट बुजते. तो मोठ्या पोस्टरचा फाँट आहे. हे तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत, गिऱ्हाइकाच्या कामालाही बिनधास्त वापरा.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फाँट दुकानात दिसतील. त्यांच्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे फाँट बदलला की मजकुराचा चिवडा होतो, आणि गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर तसाच चिकटवता येत नाही. दुकानात काम करायचं असेल तर ते शिकावं लागेल, शिका. स्वतःचा सराव मात्र युनिकोडमध्येच करा, तिथं मराठी अक्षरांना स्वतःची जागा असते.

गुरूबद्दल माझं मत जरा कडक आहे. महिन्याभरात डिझायनर बनवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तो तुम्हाला मेनू शिकवेल, नजर शिकवणार नाही. "जरा उठावदार कर" एवढंच बोलणाऱ्याचंही ऐकून सोडून द्या. तुमची फाइल उघडून लेयर बघणारा, किंवा निदान कुठे अडलं ते बोट ठेवून दाखवणारा माणूस शोधा. मला नवी पेठेतल्या एका दुकानात मशीनवर बसणारे काका भेटले. ते माझी पट्टी मॉनिटरवर लावायचे, दारापर्यंत मागे जायचे आणि तिथून वाचायचे. वाचता आली नाही की म्हणायचे, "काय करलालास बे, नाव कुठंय?" त्यांना ब्लेंडिंग मोडचं नाव माहीत नसेल कदाचित, पण त्या एका प्रश्नाने मला जे दिलं ते कुठल्या व्हिडिओने दिलं नाही. तुम्हीही दारापर्यंत मागे जा.

दुकानात शिकायला जाणार असाल तर वेळ बघून जा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, 19 फेब्रुवारीला शिवजयंती, 14 एप्रिलला आंबेडकर जयंती, पुढे गणपती आणि नवरात्र. या दिवसांच्या आधी दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते, तुम्हाला कुणी काही समजावणार नाही, नुसते चेहरे कापायला बसवतील. पैसे हवे असतील तर तेव्हा जा, शिकायचं असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला, मशीन जरा निवांत असताना जा.

तयार टेम्प्लेटच्या गठ्ठ्यांबद्दल विचारता, तर घेऊ नका. निदान पहिलं वर्ष तरी नको. दुसऱ्याच्या फाइलमध्ये नाव बदलून तुम्ही गिऱ्हाइकाला खूश कराल, पण तेच टेम्प्लेट पुढच्या चौकातल्या दुकानातही आहे आणि तो पन्नास रुपये कमी घेतो. उघडून बघायला हरकत नाही. लेयर कसे रचलेत, सावली कुठल्या लेयरवर आहे, ते बघा आणि फाइल बंद करून स्वतः रिकाम्या पानावर करा. एका क्लिकमध्ये मागचं काढून टाकणारी साधनं मीही वापरतो, पण केसांच्या कडा आणि फेट्याचा तुरा अजून हातानेच सुधारावा लागतो. पेन टूल न शिकता त्यांच्या मागे लागलात तर बिघडलेलं ओळखताच येणार नाही.

आणि निराश होऊ नका, हेही तितक्याच जोराने सांगतो. पहिल्या पट्ट्या काळपट, गढूळ दिसतात. सगळ्यांच्याच दिसतात. पट्टी काळ्या-पांढऱ्यात बदलून बघा. नाव आणि मागचं चित्र एकाच राखाडीत मिसळत असेल तर रंग कितीही भडक असू दे, वाचता येणार नाही. भगव्यावर लाल, निळ्यावर जांभळा, ही आपल्याकडची नेहमीची मागणी. नाही म्हणायची गरज नाही, दोन्हींतला एक पुरेसा गडद किंवा पुरेसा फिका करा, बस्स.

बारीक अक्षर कसं टिकतं हे बघायचं असेल तर नेटवर शोधण्याआधी घरातली नाव विणलेली चादर किंवा टॉवेल उलगडा. जॅकार्डचं, म्हणजे मागावर विणलेल्या नक्षीचं, डिझाइन चौकटीच्या कागदावर उतरतं, एकेक चौकोन धाग्याचा हिशोब असतो, तिरपी रेघ पायऱ्यांनीच चढते. तिथं वेलांटीला किती चौकोन द्यायचे हे विणण्याआधी ठरतं, नंतर जागा करता येत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर असा एखादा आलेख बघायला मागा. मी बघितला तेव्हा पट्टीतलं माझं अर्धं भांडण मिटलं.

पट्टी चांगली जमली की कुणीतरी म्हणेल, हीच मोठी करून छापून दे. देऊ नका. 500 पिक्सेल म्हणजे 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) पावणेदोन इंचसुद्धा होत नाहीत. साधं साडेतीन बाय दोन इंचाचं व्हिजिटिंग कार्डसुद्धा 1050 बाय 600 पिक्सेल मागतं. फ्लेक्स लांबून बघतात म्हणून 72 वरही निभावतं, पण दहा फुटांना तेही 8640 पिक्सेल झाले. रचना तीच ठेवा, फाइल नव्याने बांधा, आणि छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) करून रंग परत बघा, पडद्यावरचा झगमगता हिरवा आणि निळा तिथं मरतो. पाठवताना लाल किंवा भगवी अक्षरं जेपीजीमध्ये कडेला फाटतात, कारण त्या प्रकारात रंगाची माहिती कमी करून साठवतात. पट्टी पीएनजीमध्ये ठेवा, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सोलापुरात राहून फक्त मराठीवर भागत नाही. पूर्व भागातलं काम आलं की तेलुगू येणार, विजापूर रोडच्या बाजूचं आलं की कन्नडही येऊ शकतं. यासाठी बलू हा फाँट घरात ठेवा. त्याच घराण्यात कन्नडचा बलू तम्मा आणि तेलुगूचा बलू तम्मुडू आहे, तिन्ही लिप्या एका पट्टीत शेजारी ठेवल्या तरी एका हाताच्या वाटतात. या दोन्ही लिप्यांना शिरोरेषा नाही, अक्षरं गोल आहेत, त्यामुळे अंतर थोडं वाढवलं तरी चालतं, पण खाली लटकणाऱ्या जोडाक्षरांना देवनागरीइतकीच जागा लागते. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाचं काम असेल तर नाव आधी बसवून तेलुगू वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा. चित्र पूर्ण झाल्यावर दाखवलंत तर तो चित्राचं कौतुक करेल आणि चूक तशीच राहील. राखाडी पट्टीवर नुसतं नाव असताना त्याने मोठ्याने वाचून दाखवलं की मगच पुढचा लेयर उघडा.