शाश्वत विकास आणि सामाजिक न्याय शिकायचंय? सोलापुरातून सुरुवात अशी करा

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या अभ्यासिकेत चौकशीला गर्दी होते. पोलीस भरतीवाले, नर्सिंगवाले, इंजिनिअरिंगवाले यांना कुठे जायचं ते ठाऊक असतं. पण हल्ली त्यांच्यात एक-दोघं तरी अशी निघतात की त्यांना ‘पर्यावरण आणि माणसं, दोन्हीचं काहीतरी’ शिकायचं असतं. त्याला म्हणतात काय, ते मिळतं कुठे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नसतं. हे त्यांच्यासाठी लिहितेय. मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केलंय, आईने विड्या वळून शिकवलं, आणि अभ्यासिकेत अर्ज भरायला मदत करते. त्यामुळे जे सांगतेय ते इथल्या मुलांना उपयोगी पडलेलं आहे.

आधी प्रश्न लिहा

कोर्सचं नाव शोधायला लगेच मोबाइल उघडू नका. एक वही घ्या आणि तुमच्या पेठेतला किंवा गावातला एक प्रश्न पूर्ण वाक्यात लिहा. ‘हवामान बदल’ एवढंच लिहून भागत नाही. असं लिहा: एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमागापुढे उभ्या असलेल्या कामगाराच्या तब्येतीची जबाबदारी कोणाची?

किंवा उजनी घ्या. धरण 1980 साली पूर्ण झालं. वरच्या अंगाला पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांवाटे भीमेत उतरतं आणि ते उजनीत येतं. खाली आपण तेच पाणी पितो. त्याच पाण्यावर ऊस उभा आहे, त्याच पाण्यावर फताटेवाडीचा एनटीपीसीचा 1,320 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प चालतो, आणि शहरातल्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. वाटप कोण ठरवतं? ज्या बाईकडे साठवायला टाकी नाही, फक्त दोन घागरी आहेत, तिचं म्हणणं त्या बैठकीत कोण मांडतं?

माझा स्वतःचा प्रश्न विडीचा होता, आजही आहे. विडीचं पान जंगलातून येतं. ते गोळा करणाऱ्या आदिवासींचा त्यावरचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. ते पान आमच्या सुपात यायचं, हजार विड्यांमागे मजुरी मिळायची, आणि तंबाखूची धूळ घरातच, चुलीपाशी, लहान भावंडांच्या अंगावर बसायची. विडी तब्येतीला वाईट, ती कमी व्हायला हवी, यात मला शंका नाही. पण धंदा बसला तर चाळिशीच्या बाईने दुसऱ्या दिवशी सकाळी काय काम करायचं? घातक धंदा बंद करताना त्यावर पोट असलेल्यांचं काय, या प्रश्नाला अभ्यासक्रमांत ‘न्याय्य संक्रमण’ म्हणतात. कोळशाच्या वीज प्रकल्पांबाबत जगभर हाच वाद चाललाय. हे मला वर्गात कळलं तेव्हा आईचं काम पहिल्यांदा पुस्तकात सापडलं. तुम्हालाही तसा वर्ग मिळावा म्हणून हा खटाटोप.

नान्नजची कसोटी

प्रश्न हातात आला की अभ्यासक्रम तपासायचा. त्यासाठी मी मुलांना सोलापूरजवळच्या नान्नज गावाचं उदाहरण देते.

1979 साली तिथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. तेव्हा त्याचा पसारा सुमारे 8,500 चौरस किलोमीटर धरला होता. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं त्यात आली. माळढोक वाचायलाच हवा होता. आपल्या माळरानाचा तो राजा. पण अभयारण्याच्या हद्दीत शेतकऱ्यांचे जमिनीचे व्यवहार अडले, कामं अडली, आणि पक्षी म्हणजे संकट असं लोकांच्या मनात बसलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि पुढे क्षेत्र सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आलं. इतकं होऊन आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय. शेतकऱ्याला न्याय मिळाला नाही आणि पक्षीही हातचा गेला.

तर चौकशीला जाल तेव्हा विभागातल्या प्राध्यापकांना सरळ विचारा, “सर, नान्नजचा प्रश्न तुमच्याकडे कुठल्या पेपरात येतो?” एखादे सर म्हणतील, वन्यजीव शास्त्रात. मग पुढे विचारा, शेतकऱ्याची बाजू कुठे येते? समाजकार्याच्या विभागात उलटं विचारा: गवताळ प्रदेश, भूजल, माती यांचं शास्त्र इथे कोणी शिकवतं का? दोन्ही बाजू एकाच कोर्सात पूर्ण मिळतील असं नाही. पण कुठली बाजू मिळतेय आणि कुठली तुम्हाला बाहेरून भरून काढायची आहे, हे प्रवेशाआधी कळलं पाहिजे. आणि घाबरू नका. चांगल्या शिक्षकाला असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी हवा असतो.

अभ्यासक्रमाची पीडीएफ विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. ती घरी नुसती डाउनलोड करून ठेवू नका, वाचा. पेपरांच्या नावांवर जाऊ नका, आतले घटक बघा. प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला, म्हणजे वस्तीत-गावात जाऊन करायच्या कामाला, किती श्रेयांक (क्रेडिट) आहेत ते बघा. तासिकेच्या एका श्रेयांकाला साधारण 15 तास धरतात, प्रात्यक्षिकाच्या एकाला 30. एमएसडब्ल्यूला आठवड्यातले दोन दिवस बहुतेक ठिकाणी क्षेत्रकार्याचेच असतात, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. ज्या कोर्सात दोन वर्षांत एकदाच ‘शैक्षणिक सहल’ आहे, तो मी सुचवत नाही.

आणखी एक बघा. पाण्यावरचा पेपर असेल तर त्यात जात आहे का? 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जे केलं ते पाण्याच्या हक्काबद्दलच होतं. महाराष्ट्रात पाणी शिकवताना महाड वगळलं जात असेल, तर त्या कोर्सातला ‘सामाजिक न्याय’ नावापुरता आहे असं समजा.

कुठे काय आहे

घराजवळून सुरू करू. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 ला सुरू झालं, एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ आहे, पुणे रस्त्यावर केगावला. तिथल्या पर्यावरणशास्त्र, जिओइन्फर्मॅटिक्स आणि ग्रामीण विकास या विभागांकडे आपली मुलं पुरेसं बघत नाहीत. जिओइन्फर्मॅटिक्स ऐकलं की कॉम्प्युटरचा कोर्स वाटतो. पण कुठल्या प्रभागात पाणी किती दिवसांनी येतं, कुठल्या वस्तीत झाड नाही, हे नकाशावर दाखवता आलं की महापालिकेपुढे म्हणणं ठामपणे मांडता येतं. विज्ञानाच्या मुलींनी हा विभाग एकदा पाहून यावा.

तुळजापूर मात्र आपल्याला लाभलेलं भाग्य आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे टिस, मुंबईत 1936 साली सुरू झाली आणि तिचं ग्रामीण संकुल तुळजापूरला आहे. सोलापूरहून 45 किलोमीटरच्या आसपास, एसटीने तास-सव्वा तास. देशभरातली मुलं तिथे ग्रामीण विकास, शाश्वत उपजीविका, नैसर्गिक साधनसंपत्ती शिकायला येतात, आणि आपली मुलं नवरात्रात आईच्या दर्शनाला चालत जातात पण संकुलाच्या फाटकातून आत जात नाहीत. पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही केंद्रीय परीक्षा द्यावी लागते. तिचा अर्ज हिवाळ्यात निघतो, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा व्हायच्या कितीतरी आधी. निकालानंतर चौकशी करणाऱ्याचं वर्ष जातं. दिवाळी झाली की संकेतस्थळ बघायला लागा.

शिकवणं इंग्रजीत असतं, आणि मराठी माध्यमाची मुलं इथेच माघार घेतात. माघार घेऊ नका. सरकारच्या ‘स्वयम’ संकेतस्थळावर पर्यावरण, विकास, लिंगभाव अशा विषयांवरची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागतात. आधी विषय मराठीत वाचा, मग त्याच विषयाचं व्याख्यान इंग्रजीत ऐका. विषय ओळखीचा असला की भाषा मागून येते.

कायद्याकडे ओढ असेल तर सोलापुरातच दयानंद विधी महाविद्यालय आहे, तीन वर्षांच्या एलएलबीला राज्याची सीईटी लागते. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात बसतं. नदीत रसायन सोडलं, कचरा पेटवला, अशा प्रकरणांत आपल्याकडच्या लोकांची बाजू तिथे मांडणारे वकील हवे आहेत.

पुण्यात समाजकार्यासाठी कर्वे समाज सेवा संस्था 1963 पासून आहे, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र आहे. इंजिनिअरिंग झालेल्यांनी आयआयटी मुंबईचं ‘सितारा’ केंद्र बघावं. 1985 पासून ते ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करतं आणि तिथे एमटेकला ‘गेट’ परीक्षेचे गुण लागतात. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात विकास या विषयात एमए आहे, आणि घरची परिस्थिती पाहून शुल्क, वसतिगृह, जेवण यांत मदत मिळते. नोकरी किंवा लेकरं सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इग्नूचं दूरशिक्षणातलं एमएसडब्ल्यू आहे.

‘सस्टेनेबिलिटी’ची सहा आठवड्यांची महागडी प्रमाणपत्रं विकणारे फोन आले तर आधी मान्यता विचारा. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी जाहीर करतं, ती बघा.

आधीच बीकॉम-बीएला असाल तर

कोर्स सोडायची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदवीला क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. पर्यावरण अभ्यासही सगळ्यांना आहेच. बहुतेक मुलं हे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणून जमा करतात. तुम्ही तिथे तुमचा वहीतला प्रश्न टाका. बीकॉमची मुलगी असेल तर आपल्या गल्लीतल्या दहा घरांचा पाण्यावरचा खर्च मांडा: टँकर, जार, मोटारीची वीज, पाण्यासाठी बुडालेला रोज. वाणिज्याच्या शिक्षकांनाही हे तपासायला आवडेल, आणि पुढे मुलाखतीत ‘तुम्ही काय केलंय?’ विचारलं की टेबलावर ठेवायला तुमचं स्वतःचं काम असेल.

घरच्यांना काय सांगाल

अभ्यासिकेत आया येतात. “ताई, शिकून याला नोकरी लागंल का?” मी त्यांना खोटं सांगत नाही. मावशी, संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि काही कामं वर्षाच्या करारावर असतात. पण वाटा आहेत. कायद्याप्रमाणे ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमावाच लागतो, तिथे एमएसडब्ल्यूवाल्यांना संधी असते. बचत गटांचं ‘उमेद’ अभियान आहे, पाणलोटाची कामं आहेत, कंपन्यांच्या सामाजिक निधीतले प्रकल्प आहेत, स्पर्धा परीक्षेतून समाजकल्याणची पदं आहेत. मुलीसाठी आई-वडील तयार नसतील तर त्यांना विभागात घेऊन जा, तिथल्या शिक्षिकेशी त्यांचं बोलणं करून द्या. क्षेत्रकार्याला पोरगी कुठे जाणार, किती वाजता परतणार, हे त्यांना विचारू द्या. तो प्रश्न त्यांच्या जागी रास्त आहे.

पैसा आणि कागद

विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, आणि आपल्या शहरात इतकी घरं पात्र असूनही अनेकांना ती माहीत नाही. पदवीला वर्षाला 6,000 रुपये, व्यावसायिक अभ्यासक्रमांना 25,000. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. त्यासाठी आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं, म्हणून ते आधी बाहेर काढा. नाव आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळतंय का बघा. नसेल जुळत तर दुरुस्ती आताच करून घ्या, अर्ज उघडल्यावर वेळ पुरत नाही.

राज्याच्या योजना महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आहेत: अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, भटके-विमुक्त यांच्या शिष्यवृत्त्या, आर्थिक मागासांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क योजना, वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. बाहेरगावी प्रवेश घेताना आधी विचारा, शुल्क आधी भरून मग परत मिळतं की भरावंच लागत नाही? पुष्कळ घरांचा निर्णय याच उत्तरावर ठरतो.

उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो, म्हणून एप्रिलमध्ये नवा काढा. मे-जूनमध्ये सेतूत रांग लागते. बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा. जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ जातो. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुन्या नोंदी गोळा करण्यातच महिने जातात, तेव्हा बारावीत असतानाच कॉलेजमार्फत तो अर्ज टाका आणि पोचपावती जपून ठेवा.