पहिला फ्लॅट भाड्याने द्यायला घेताय? चावी देण्याआधी हे करा

‘भाड्यातून हप्ता निघतो हो, तुम्हाला काय करायचंय?’ पुण्यातल्या कुठल्याही साइट ऑफिसात हे वाक्य चहाच्या कपाबरोबर मिळतं. मलाही मिळालं होतं. आता थोडीफार वर्षं भाडेकरू ठेवून झाल्यावर सांगतो, चहा प्या, पण हिशोब घरी येऊन करा.

आधी कागदावर आकडे मांडा

समजा, धायरी-वारज्याकडे ६० लाखांचा टू-बीएचके पाहिलात. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. दलाली १ टक्का धरली तर ६० हजार. पंखे, गीझर, ट्रॉल्या, कपाटं, ग्रिल यांत २ लाख कसे जातात ते कळतही नाही. झाले ६७ लाख १० हजार. घर बायकोच्या किंवा आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तेवढे ६० हजार वाचतात.

आता दुसरी बाजू. भाडं २० हजार. वर्षाला १२ महिने धरू नका, ११ धरा. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत रंग, साफसफाई, लोकांना घर दाखवणं यात महिना जातोच. हातात आले २ लाख २० हजार. त्यातून मेंटेनन्स ३६ हजार, मिळकतकर १४ हजार, एजंटला एका महिन्याचं भाडं २० हजार आणि रंग-प्लंबिंग १५ हजार वजा करा. उरले १ लाख ३५ हजार. घातलेल्या पैशावर हे जेमतेम २ टक्के होतात.

आणि हप्ता? ४५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर महिना सुमारे ३९ हजार. भाड्यातून खर्च जाऊन सव्वाअकरा हजार येतात. उरलेले पावणेअठ्ठावीस हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून. हे झेपत असेल, वीस वर्षांत जागेची किंमत वाढेल असा विश्वास असेल, तर जरूर घ्या. पण तो विश्वास किमतीवर आहे, भाड्यावर नाही, हे स्वतःशी कबूल करून घ्या. माझं मत विचाराल तर पहिलं घर शक्यतो लहान घ्यावं. वन-बीएचकेला गिऱ्हाईक लवकर मिळतं, आणि चुकलात तरी चूक लहान असते.

जागा निवडताना भाडेकरूच्या चपला घाला

आपण राहायला घर घेतो तेव्हा पूर्व-पश्चिम बघतो, बाल्कनीतून टेकडी दिसते का बघतो. भाडेकरूला ऑफिसला किती वेळ लागतो आणि पाणी किती वेळ येतं एवढंच हवं असतं. सोसायटीत गेलात की वॉचमनला आणि सेक्रेटरींना एकच प्रश्न विचारा, गेल्या एप्रिल-मे महिन्यात टँकर किती मागवले? पुण्याच्या कडेच्या भागात उन्हाळ्यातला टँकरचा खर्च मेंटेनन्सचं सगळं गणित फिरवतो. जाहिरातीत तो कुठेच नसतो.

शिवाय, घर तुमच्या राहत्या जागेपासून अर्ध्या-पाऊण तासावर असलेलं बरं. नळ गळतोय म्हणून फोन रात्री साडेनऊला येतो.

नवीन की रीसेल?

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, बहुतेकांना ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या गटात बसलं तर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य झाल्याचा महापालिकेचा दाखला, मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर तो लागत नाही. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घराचा ताबा मिळेपर्यंत भाडंही नाही. भाड्यासाठीच घ्यायचं असेल तर मी तयार घराच्या बाजूने आहे. तरी नवीनच घ्यायचं ठरलं, तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. ताब्याची तारीख काय दिली आहे, ती किती वेळा पुढे ढकलली आहे, जागेवर दावा आहे का, हे सगळं तिथे फुकट वाचता येतं.

रीसेलमध्ये ही कागदपत्रं हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका: आधीच्या सगळ्या करारांची साखळी आणि त्यांच्या सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, मिळकतकराची शेवटची पावती. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजे तपासल्याचा अहवाल, काढून घ्या. जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी देणं) सोसायटीच्या नावे झालंय का तेही विचारा, कारण जुन्या इमारतीत पुनर्विकासाचा विषय निघतो तेव्हा गाडी तिथेच अडते. ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ एवढ्यावर विकल्या जाणाऱ्या स्वस्त इमारतींकडे ढुंकूनही पाहू नका. कर्जासाठी बँक दारात उभी करत नाही, तेव्हाच काय ते समजा.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याला द्यायच्या पैशातून १ टक्का टीडीएस (आधीच कापायचा आयकर) कापून सरकारकडे भरायचा असतो. हे विकणाऱ्याचं काम आहे अशा समजात बरेच जण राहतात आणि मग नोटीस येते.

करार: इथे कंजूषी नको

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे. ‘११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी करून टाकू.’ दुसऱ्या राज्यातून आलेला हा समज महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) लेखी हवा आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महाग पडतं ते पुढचं: वाद झाला आणि नोंदणी नसली, तर कुठल्या अटींवर घर दिलं होतं याबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम तुमच्यावर.

माझ्या पहिल्या भाडेकरूबरोबर मी नोटरीवरच भागवलं होतं. माणूस सभ्य होता, पेढे घेऊन आला होता. मुदत संपल्यावर ‘अजून दोन महिने’ म्हणत पाच महिने राहिला. भांडण झालं नाही, पण त्या पाच महिन्यांत माझ्या हातात धड एकही कागद नव्हता, हे रात्री आठवायचं.

नोंदणीकृत करार असला की मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो. दिवाणी कोर्टापेक्षा ही वाट आखूड आहे, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

याला खर्च किती? एकूण भाड्यात परत करायच्या डिपॉझिटचे दर साल १० टक्के मिळवायचे आणि त्या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. २० हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट, ११ महिने, तर शुल्क साधारण ५६४ रुपये. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधारवर दोघांची ओळख पटते, दोन साक्षीदार लागतात, अर्ध्या तासात काम होतं. तो स्वतःची फी वेगळी घेतो, ती आधी ठरवून घ्या. करार जास्तीत जास्त ६० महिन्यांचा करता येतो.

करारात लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, भाडं कुठल्या तारखेपर्यंत, वाढ किती, रंगाचे पैसे कोण देणार, हे स्पष्ट लिहा. घरातल्या वस्तूंची यादी पंख्यांच्या संख्येपासून गीझरच्या कंपनीपर्यंत जोडा. रिकाम्या घराचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तो त्याच दिवशी भाडेकरूला पाठवून ठेवा.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे वेगळं काम आहे. ते ऑनलाइन होतं. एजंटने केलं म्हणाला तरी पोचपावती मागून घ्या.

सोसायटीशी

सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) घर भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. करार आणि पोलिसांकडची पोच जोडून पत्र द्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं बिगर-भोगवटा शुल्क मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, तसा शासनाचा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. सेवाशुल्क २,००० असेल तर २०० रुपये, बस्स. कमिटीने ‘भाडेकरूंसाठी हजार रुपये ठरलेत’ असं सांगितलं तर आदेशाची प्रत नम्रपणे पुढे ठेवा. बॅचलर मुलांबद्दल नाकं मुरडली जातात, पण माझा अनुभव उलटा आहे. तीन नोकरदार मुलांनी माझं भाडं एकदाही चुकवलं नाही, चुकवलं ते एका ‘फॅमिली’नं. नोकरीचं पत्र बघा, आधीच्या मालकाशी फोनवर बोला.

कर

पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, भाडेकरू आला की ती जाते. वरच्या हिशोबात मिळकतकर धरताना हे लक्षात ठेवा. आयकरात मात्र भाडं पूर्ण करपात्र नसतं: भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्चाच्या पावत्या असोत वा नसोत. गृहकर्जाचं व्याजही वजा होतं, पण नव्या करप्रणालीत त्यातून आलेला तोटा पगारातून वळता करता येत नाही. भाडं महिना ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरू २ टक्के टीडीएस कापतो.

तुम्ही दुबई-अमेरिकेत आहात आणि घर कोथरूडला आहे, तर नियम वेगळा. भाडेकरूला ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापावा लागतो, भाडं कितीही असो. हे त्याला करार करतानाच सांगा. सहीसाठी भावाला किंवा बहिणीला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) देता येतं, पण ते फक्त घर भाड्याने देण्यापुरतंच लिहून घ्या.

घर परत घेताना

भाडेकरू सामान बांधत असताना जाऊ नका, घर रिकामं झाल्यावर जा. हातात वस्तूंची यादी, फोनवर तो जुना व्हिडिओ. बेसिनखाली, बाथरूमच्या भिंतीला आणि कपाटाच्या मागे हात लावून ओल बघा. वीज मीटरचा फोटो काढा, कारण शेवटचं बिल माणूस गेल्यावर येतं. तेवढी अंदाजी रक्कम वळती करून बाकी डिपॉझिट त्याच्यासमोर ऑनलाइन पाठवा आणि हिशोबाच्या कागदावर त्याची सही घ्या. मग चाव्या मोजा. चार दिल्या होत्या आणि तीन आल्या, तर ‘चौथी हरवली असेल’ म्हणून सोडू नका, पुढचा भाडेकरू यायच्या आत कुलूप बदला.