इंडेक्स-टूवर दोन नावं

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळचा टू-बीएचके फ्लॅट घेत होतो, ५८ लाखांचा. विकणारे साहेब एकटेच दाखवायला यायचे. बाईंचं विचारलं की, "ती माहेरी गेलीय." इसार द्यायच्या आदल्या रात्री मी इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा, नीट वाचला, तर मालक दोघं!

वकिलांनी पहिलं विचारलं, कोर्टात काही चालू आहे का? होतं. घटस्फोटाचा अर्ज, आणि बाईंनी याच फ्लॅटमध्ये हिस्सा मागितलेला. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५२: वादातली मालमत्ता दावा चालू असताना घेतली, तर त्या दाव्याचा निकाल घेणाऱ्यालाही बांधतो. म्हणजे पैसे माझे आणि भांडण त्यांचं.

मग बाईंना भेटलो. आमची ही सोबत होती, ते बरं झालं. चहा गार झाला तरी त्या कप फिरवतच बसल्या. "विकायला ना नाही हो. पण माझा पैसा त्यांच्या खात्यात नको." घोडं अडलं होतं ते एवढ्यावर!

दोघांच्या वकिलांनी तडजोडीच्या अटी कोर्टात दिल्या: आधी फ्लॅटवरचं बँकेचं कर्ज फेडायचं, उरलेले निम्मे-निम्मे. आदेश हातात आल्यावरच इसार दिला. डीडी तीन काढले. ५० लाखांच्या वरचा व्यवहार, त्यामुळे १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून कापून सरकारला भरायचा कर. विकणारे दोन, म्हणून तो भरायचे फॉर्म २६ क्यूबीही तेव्हा दोन भरले.

नोंदणीला दोघं दोन टोकांच्या बाकांवर. यंत्रावर बाईंचा ठसा उठेना, तेव्हा साहेबांनीच रुमाल पुढे केला.